जोशीमठ, गोविंदघाट, घांघरिया: फुलांच्या दरीच्या दारातली गावं आणि तिथल्या वाटा

रानवाटा

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सवर मराठीत बरंच लिहिलं गेलंय, पण त्यातलं बहुतेक फुलांवर नाहीतर खर्चाच्या हिशोबावर असतं. तिथल्या भूगोलाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. कुठलं गाव कुठल्या नदीवर आहे, वाट कुठे फुटते, एका दिवसात किती उंची चढायची आहे, हे डोक्यात नसेल तर कागदावर छान दिसणारा कार्यक्रम तिथे गेल्यावर कोलमडतो. म्हणून हा धागा. मला माहीत आहे ते मांडतो, इतरांनी भर घालावी.

सुरुवात जोशीमठापासून. सरकारी नाव २०२४ पासून ज्योतिर्मठ झालंय, तेव्हा नकाशात आणि अर्जांत दोन्ही नावं दिसतील. ऋषिकेशहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, सुमारे १,९०० मीटर उंचीवर. रस्ता अलकनंदेच्या काठाकाठाने जातो: देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पिपलकोटी, हेलंग आणि मग जोशीमठ. शहर नदीकाठी नाही, डोंगराच्या उतारावर आहे. खाली विष्णुप्रयागला धौलीगंगा येऊन अलकनंदेला मिळते. हा संगम नीट लक्षात ठेवा, कारण इथून दोन खोरी वेगळी होतात आणि दोन राष्ट्रीय उद्यानंही.

धौलीगंगेच्या खोऱ्याने तपोवन, रेणी, लाता करत नीतीकडे गेलं की ती नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाची बाजू. अलकनंदेच्या खोऱ्याने बद्रीनाथकडे निघालं की साधारण २२ किलोमीटरवर गोविंदघाट, ती फुलांच्या दरीची बाजू. दोन्ही उद्यानं १९८२ साली घोषित झाली. नंदादेवी १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि २००५ मध्ये फुलांची दरी त्याच वारसास्थळात जोडली गेली.

जोशीमठाहून निघालेला रस्ता आधी वळणं घेत विष्णुप्रयागपर्यंत खोल उतरतो आणि मग परत चढतो. त्यामुळे बद्रीनाथच्या दिशेने पुढे जाऊनही गोविंदघाट जोशीमठापेक्षा थोडं खालीच आहे, १,८०० मीटरच्या आसपास. म्हणजे जोशीमठात मुक्काम केला तर दुसऱ्या दिवशीच्या चढाईसाठी शरीराला उंचीचा फार फायदा मिळतो असं नाही. खरी उंची गोविंदघाटनंतर सुरू होते.

गोविंदघाटला लक्ष्मणगंगा अलकनंदेला मिळते. हिलाच भ्यूंडारगंगाही म्हणतात. अलकनंदेवरचा पूल ओलांडून या उपनदीच्या खोऱ्यात शिरायचं. पहिले चार किलोमीटर, पुलनापर्यंत, गाडीरस्ता आहे आणि त्यावर जीप चालतात. पुलनापासून पुढे पायवाट, वाटेत भ्यूंडार गाव आणि नऊ-दहा किलोमीटर चालल्यावर घांघरिया, उंची ३,०५० मीटर. घांघरियाजवळ दोन प्रवाह एकत्र येतात. एक पुष्पावती, जी फुलांच्या दरीतून येते. दुसरी हेमगंगा, जी हेमकुंड साहिब या शीख तीर्थाच्या सरोवरातून येते. गाव सोडून अर्धा किलोमीटरही होत नाही तोवर वाट फुटते, डावीकडे दरी आणि उजवीकडे हेमकुंड.

संपूर्ण सहलीचा नकाशा एवढाच. एक रस्ता, एक पायवाट, आणि शेवटी एक फाटा. पुढच्या प्रतिसादात वाटांबद्दल लिहितो.

चढउतार

उत्तम सुरुवात. दोन खोऱ्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अनेकांना वाटतं की जोशीमठ केलं म्हणजे दोन्ही उद्यानं जवळच. प्रत्यक्षात फुलांच्या दरीत सामान्य प्रवासी जाऊ शकतो, नंदादेवीच्या गाभ्यात नाही. ते अभयारण्य १९८३ पासून गिर्यारोहकांसाठी बंद आहे. नंतर लाता गावाच्या बाजूने बाहेरच्या मर्यादित भागात, ठरलेल्या वाटेने, परवानगी घेऊन ट्रेक सुरू झाले.

ज्यांना नंदादेवी शिखर नुसतं बघायचंय त्यांच्यासाठी औली, त्यावरचं गोर्सन बुग्याल (म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) आणि पुढे कुंवारी खिंडीची वाट उत्तम. आकाश स्वच्छ असेल तर नंदादेवी, द्रोणागिरी, हाथी पर्वत सगळे रांगेत दिसतात. पण हे ऑक्टोबरनंतर किंवा पावसाळ्याआधी. फुलांच्या मोसमात तिथे ढगांशिवाय फारसं काही दिसत नाही, त्यामुळे एका सहलीत दोन्ही बसवायचा आग्रह धरू नये.

चांदणवेल

माझ्या आईला हेमकुंडला जायची फार इच्छा आहे. वय ६६, गुडघे थोडे दुखतात, बाकी तब्येत चांगली. पुलना ते घांघरिया वाट कशी आहे हे कुणी सविस्तर सांगेल का? आणि हेमकुंड एका दिवसात जाऊन येणं तिला झेपेल का?

रानवाटा

चांदणवेल, वाटेचं आधी सांगतो.

पुलना ते भ्यूंडारचा टप्पा सोपा म्हणावा असा. दगड बसवलेली रुंद वाट, नदी सोबतीला, अधूनमधून चहाची दुकानं. चढ आहे, पण दम घेत चालता येतो. भ्यूंडारनंतर पूल ओलांडला की वाटेचा स्वभाव बदलतो. शेवटचे तीनेक किलोमीटर दमवतात. जंगल दाट होतं, वाट नागमोडी वर जाते आणि सकाळपासून चाललेल्या माणसाला नेमका इथेच थकवा जाणवतो. घांघरियाच्या थोडं आधी हेलिपॅडचं मैदान लागतं. ते दिसलं की गाव जवळ आलं. चांगल्या चालीने पाच तास, ज्येष्ठांसोबत सात तास धरा. पुलनाहून सकाळी ८ च्या आत निघालात तर घाई होत नाही.

ही वाट खेचरांचीही आहे, म्हणून एक गोष्ट आईंना आवर्जून सांगा. खेचर समोरून किंवा मागून आलं की नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. पाठीवरच्या ओझ्याचा धक्का लागून माणूस तोल गमावू शकतो. आणि पाऊस पडल्यावर ते दगड शेणाने निसरडे होतात, तेव्हा हातात काठी हवीच. काठ्या सुरुवातीलाच मिळतात.

हेमकुंडाचं वेगळं लिहितो. घांघरिया ३,०५०, हेमकुंड ४,३०० च्या आसपास. सहा किलोमीटरांत बाराशे मीटरहून जास्त चढ, आणि त्याच दिवशी तेवढाच उतार. वर मुक्कामाची सोय नाही, दुपारी सगळ्यांना खाली उतरावंच लागतं. म्हणून पहाटे ५-६ ला निघावं लागतं. गुडघे दुखत असतील तर चढताना खेचर किंवा कंडी घ्यावी. कंडी म्हणजे पाठीवर टोपली बांधून माणूस नेतो ती. दंडी म्हणजे पालखीसारखी, तिला चार माणसं लागतात. उतार गुडघ्यांना चढापेक्षा जास्त छळतो, त्यामुळे परतीची व्यवस्था आधीच बोलून ठेवा. वर पोचल्यावर भाव करायची वेळ येऊ नये.

जुना_भटक्या

रानवाटांनी वाटेचं बरोबर सांगितलंय. मी उंचीबद्दल थोडं ठासून सांगतो, कारण तिथे लोक हलगर्जी करतात.

आपल्या सह्याद्रीत फिरलेला माणूस चढाला घाबरत नाही आणि तीच त्याची अडचण होते. पाय मजबूत असतात, पण विरळ हवेशी पायांच्या ताकदीचा संबंध नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. घांघरिया त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, रात्री झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची सुरुवात असते. ते दिसलं तर दुसऱ्या दिवशी आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर रात्र असो की पाऊस, त्या माणसाला खाली न्यायचं. उंची कमी करणं हाच मुख्य उपाय.

हेलिकॉप्टरने गोविंदघाटहून घांघरियाला जाणाऱ्यांनी हे अधिक लक्षात ठेवावं. काही मिनिटांत बाराशे मीटर वर जाता. चालत आलेल्या माणसाच्या शरीराला निदान एक दिवस मिळालेला असतो. उडून गेलात तर तो संपूर्ण दिवस घांघरियात हळूहळू फिरण्यात घालवा. चांदणवेल, आईंना हेलिकॉप्टरने नेणार असाल तर दुसऱ्या दिवशी फुलांची दरी जमेल तेवढी आणि तिसऱ्या दिवशी हेमकुंड, असा क्रम ठेवा. डॉक्टरांचा सल्ला निघण्याआधी घ्याच.

केदारवाट

क्रमाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. दरी आधी आणि हेमकुंड नंतर हे शरीराच्या दृष्टीने बरोबर. पण पावसाळ्यात आकाश कधी उघडेल ते सांगता येत नाही. घांघरियात पहाटे उठल्यावर तारे दिसत असतील तर त्या दिवशी हेमकुंड गाठावं, कारण सरोवर आणि भोवतीची शिखरं धुक्यात गेली की काहीच दिसत नाही. दरीला ढग चालतात, उलट ढगाळ उजेडात फुलांचे रंग जास्त खुलतात. उद्यानाच्या परवान्याची मुदत तेवढी आधी बघून घ्या, म्हणजे क्रम बदलायला मोकळीक आहे का ते कळेल.

जुना_भटक्या

केदारवाट, धडधाकट तरुणांसाठी तुमचं म्हणणं मान्य. पण ज्येष्ठांसोबत असताना घांघरियातल्या पहिल्याच सकाळी ४,३०० मीटर नको, आकाश कितीही निळं असलं तरी.

पर्णिका

मी फुलांबद्दल लिहिते. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे कोणत्या महिन्यात जावं. याचं एकच उत्तर नाही, कारण दरी दर दोन-तीन आठवड्यांनी बदलते.

उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत चालू असतं. जूनमध्ये वाटेवर हिमाचे पट्टे असतात, हिम वितळलेल्या जागी प्रिम्युला, अ‍ॅनिमोन अशी बुटकी फुलं येतात. गर्दी नसते. पण गालिचा पाहायच्या अपेक्षेने गेलेला माणूस निराश होतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जातींची विविधता सर्वांत जास्त: जिरेनियम, पोटेंटिला, पेडिक्युलॅरिस, एपिलोबियम, अ‍ॅनाफॅलिस. ऑगस्टमध्ये तेरड्याचं राज्य सुरू होतं. आपल्याकडच्या तेरड्याचाच हा भाऊबंद, पण माणसाच्या छातीएवढा वाढतो आणि उतारच्या उतार गुलाबी करतो. सप्टेंबरात फुलं ओसरतात, पानं तांबूस होतात, आकाश स्वच्छ होतं आणि शिखरं दिसू लागतात. छायाचित्रकारांनी सप्टेंबरचा पहिला आठवडा अजिबात कमी लेखू नये.

दरीत सुमारे पाचशे जातींच्या वनस्पतींची नोंद आहे. पण दोन प्रसिद्ध फुलं शोधायला लोक चुकीच्या जागी जातात. ब्रह्मकमळ तुम्हाला दरीच्या नेहमीच्या वाटेवर सहसा मिळत नाही. ते हेमकुंडाच्या वाटेवर, शेवटच्या उंच टप्प्यात आणि सरोवराभोवतीच्या खडकांत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसतं. निळी पॉपीही त्याच वाटेवर दगडांच्या आडोशाला सहज भेटते. म्हणून ज्यांना देवळात किंवा गुरुद्वारात विशेष रस नाही, पण वनस्पतींत आहे, त्यांनी हेमकुंड मुळीच टाळू नये. ब्रह्मकमळ तोडू नका एवढी हात जोडून विनंती. तिथे ते वाहण्यासाठी तोडलं जातं आणि त्याचा ताण त्या उतारांवर दिसतो.

रानवाटा

पर्णिकाताई, फार छान माहिती. आता दरीच्या आतल्या वाटेचं लिहून टाकतो.

फाट्यानंतर वनखात्याची चौकी लागते. तिथे परवाना करायचा. सकाळी ७ च्या सुमारास प्रवेश सुरू होतो, दुपार झाली की आत सोडत नाहीत, संध्याकाळी ५ पर्यंत बाहेर यावं लागतं. आत मुक्कामाला परवानगी नाही, खेचरांनाही नाही. कंडी मात्र नेता येते. आत दुकान नाही, म्हणून डबा आणि पाणी सोबत हवं. प्लास्टिक मोजून घेऊन जा आणि तेवढंच परत आणा.

चौकीनंतर थोडं जंगल, मग पुष्पावतीवरचा पूल. पूल ओलांडला की दगडी वाटेचा खडा चढ. इथे नदी अरुंद घळीतून आदळत येते आणि दोन्ही बाजूंना कडे आहेत. बरेच जण इथेच वैतागतात, कारण फुलांची दरी म्हटल्यावर चढाची अपेक्षा नसते. भूर्जाची झाडं दिसू लागली, की चढ संपत आला. घांघरियापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर एकाएकी सगळं उघडतं.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. वरची दरी हिमनदीने कोरलेली, रुंद आणि सपाट तळाची. खालची घळ नदीने कापलेली, अरुंद आणि खोल. ज्या चढावर आपण दमतो तो या दोन भागांमधला सांधा आहे. दरी पूर्व-पश्चिम पसरलेली, साधारण आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद. डोक्याशी टिप्रा हिमनदी, तिच्यातून पुष्पावती निघते. मागे रताबन आणि गौरी पर्वत. उद्यानाचं क्षेत्रफळ ८७.५ चौरस किलोमीटर आहे, पण चालण्याची वाट एवढीशी, दरीच्या तळाने जाणारी.

आत गेल्यावर बहुतेक जण पहिल्या मोठ्या फुलांच्या उतारावर फोटो काढून मागे फिरतात. माझी कळकळीची विनंती आहे की पुढे जा. वाट सौम्य होते, ओढे ओलांडत राहते, गर्दी विरळ होते. मुख्य वाटेपासून फुटणारी एक छोटी वाट जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीकडे जाते. लंडनच्या क्यू उद्यानाच्या वतीने त्या १९३९ साली वनस्पतींचे नमुने गोळा करायला इथे आल्या होत्या आणि त्याच जुलैमध्ये कड्यावरून घसरून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या बहिणीने नंतर इथे येऊन शिळा बसवली. त्याच्याही पुढे नदीच्या पात्रापर्यंत जाता येतं. वेळेचा हिशोब मात्र परतीच्या बाजूने करायचा: १ वाजला की जिथे असाल तिथून मागे.

चढउतार

इतिहास निघालाच आहे तर एक भर. बाहेरच्या जगाला ही दरी कळली ती १९३१ मध्ये. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सहकारी कामेट शिखर चढून परतताना धौलीगंगेच्या खोऱ्यातल्या गमसालीकडून भ्यूंडार खिंड ओलांडून इकडे उतरले. १९३७ मध्ये स्माइथ फुलांसाठी मुद्दाम परत आला आणि दुसऱ्या वर्षी त्याने लिहिलेल्या पुस्तकामुळे हे नाव जगभर झालं. पण भ्यूंडारच्या लोकांसाठी ती त्यांची उन्हाळी कुरणंच होती, त्यांना ती शोधावी लागली नव्हती.

वर रानवाटांनी विष्णुप्रयागला दोन खोरी वेगळी होतात असं लिहिलंय, ती दोन्ही खोरी डोंगरावरून जोडणारी हीच ती खिंड, पाच हजार मीटरच्या वरची. नकाशा उघडून बघा, फार मजा येते.

पर्णिका

कुरणांचा विषय निघाला म्हणून लिहिते. उद्यान झाल्यावर दरीतली चराई बंद झाली. हेतू चांगला होता. पण नंतर एक उंच वाढणारी वनस्पती, पॉलिगोनम, स्थानिक लोक तिला अमेला म्हणतात, दरीत मोठ्या प्रमाणावर पसरली. ती लहान फुलझाडांचा उजेड अडवते. वनखात्याला दरवर्षी ती उपटण्याची मोहीम काढावी लागते. चराई थांबल्यामुळेच ती माजली असं काही अभ्यासक आणि बरेच गावकरी म्हणतात, तर ओढ्यांच्या पुरांनी आणि दरडींनी उघड्या पडलेल्या जमिनीवर ती नैसर्गिकपणे येतेच, असं दुसरं मत. मला पहिल्या मताकडे झुकावंसं वाटतं. ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या मेंढरं चरली तिथला समतोल त्या चराईसकट घडलेला असतो. पण परत मोकळी चराई सुरू करावी असंही म्हणवत नाही.

केदारवाट

या सगळ्यात भ्यूंडारच्या लोकांचा वाटा सांगायला हवा. चराई गेली, मग त्यांचं जगणं यात्रा आणि ट्रेकवर आलं. त्यांच्या इको डेव्हलपमेंट कमिटीने पुलना-घांघरिया-हेमकुंड वाटेवरचा कचरा उचलण्याचं काम हाती घेतलं आणि वाटेवरची ती शिस्त डोळ्यांना दिसते. त्यासाठी छोटं शुल्क मागितलं तर खळखळ करू नका. तो पैसा तिथेच खर्च होतो.

घांघरिया हे बारमाही गाव नाही. हेमकुंडाचे दरवाजे ऑक्टोबरमध्ये बंद झाले की सगळं बंद होतं, माणसं खाली पुलना-भ्यूंडारकडे उतरतात. वर्षातले साडेचार-पाच महिने चालणारं गाव आहे ते. तिथली महागाई समजून घ्या, गॅसच्या टाकीपासून बटाट्यापर्यंत प्रत्येक गोष्ट खेचराच्या पाठीवर येते.

भूगोलप्रेमी

धागा वाचतोय, फार आवडला. पण जोशीमठाबद्दल पहिल्या पोस्टमध्ये जे आलं नाही ते लिहायलाच हवं.

जोशीमठ शहर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे. खाली पक्का सलग खडक नाही, माती आणि मोठे धोंडे यांचं मिश्रण आहे. त्यात खालून नदी उताराचा पायथा खाते, वरून सांडपाणी जमिनीत मुरतं. मध्यवर्ती मुख्य भ्रंश म्हणतात तो भूकवचातला मोठा सांधा हेलंगजवळून जातो. १९९९ चा चमोलीचा भूकंप याच पट्ट्यातला. १९७६ साली गढवालचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीने स्पष्ट लिहून ठेवलं होतं की इथे मोठी बांधकामं करू नयेत, उतारावरचे धोंडे काढू किंवा सुरुंगाने फोडू नयेत आणि झाडं लावावीत. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले आणि शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. औलीचा रोपवेही तेव्हाच थांबवला गेला.

धौलीगंगेच्या बाजूचं उदाहरण तर आणखी भयंकर. १९७४ मध्ये गौरादेवींनी रेणीत झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं, त्याच रेणीजवळ ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषीगंगेचा लोंढा आला आणि तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पावर काम करणारी माणसं गेली.

आणि गोविंदघाट. जून २०१३ च्या पुरात अलकनंदेने तिथल्या इमारती आणि वाहनतळावरच्या गाड्या नेल्या, लक्ष्मणगंगेने भ्यूंडार गाव उद्ध्वस्त केलं, घांघरियात अडकलेल्या हजारो लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. मार्च २०२५ मध्ये दरड कोसळून गोविंदघाटचा अलकनंदेवरचा पूल तुटला आणि यात्रेआधी तिथे बेली पूल, म्हणजे सुट्या लोखंडी भागांचा जोडपूल, उभारावा लागला. म्हणजे ज्या पुलावरून आपण पुलनाला जातो त्याला पर्याय नाही. एक पूल गेला की संपूर्ण खोरं तुटतं.

चांदणवेल

भूगोलप्रेमी, वाचून काळजी वाटली. मग जोशीमठात मुक्काम करणं योग्य आहे का?

भूगोलप्रेमी

मुक्काम करायला हरकत नाही, शहर चालू आहे आणि तिथल्या लोकांचं पोट प्रवाशांवर आहे. प्रशासनाने बंद केलेल्या भागात जाऊ नका, आणि सलग मुसळधार पाऊस चालू असेल तर पिपलकोटीतच थांबा. रात्रीचा प्रवास अजिबात नको. पावसाळ्यात रस्ता अडण्याच्या ठरलेल्या जागा आहेत: श्रीनगर आणि रुद्रप्रयागमधला सिरोबगड, पिपलकोटी आणि हेलंगमधला पागलनाला, आणि बद्रीनाथला जाणार असाल तर पांडुकेश्वरच्या पुढचा लांबगड. बातम्यांमध्ये ही नावं दिसली की लगेच कळेल, अडथळा आपल्या पुढे आहे की मागे.

केदारवाट

रोपवेबद्दल कुणी लिहिलं नाही. मार्च २०२५ मध्येच केंद्रीय मंत्रिमंडळाने गोविंदघाट ते हेमकुंड १२.४ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली, २,७३० कोटींचा प्रकल्प. चांदणवेल यांच्या आईंसारख्या लोकांना तो वरदान ठरेल, हे मी मनापासून म्हणतो. श्रद्धेने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे त्या चढावर होणारे हाल पाहवत नाहीत, आणि ओझ्याने वाकलेल्या खेचरांचेही.

पर्णिका

हाल होतात हे मान्य. पण हेमकुंडाभोवतीची जागा बघा. एक सरोवर, एक गुरुद्वारा, एक लक्ष्मणाचं मंदिर आणि चहूबाजूंनी उतार. आज वाटेचा कठीणपणा हाच त्या जागेचा राखणदार आहे. दिवसाला किती माणसं वर जातील याची मर्यादा आधी ठरवा, मग रोपवे. उलट क्रमाने झालं तर ब्रह्मकमळ राहणार नाही. आणि घांघरियाच्या वाटेवरच्या चहावाल्यांचं, कंडीवाल्यांचं काय, हे विचारायला हवं. शिवाय खालून थेट ४,३०० मीटरवर पोचलेल्या ज्येष्ठांना उंचीचा त्रास होणार, त्यासाठी वर डॉक्टर लागतील.

केदारवाट

मर्यादेबाबत शंभर टक्के सहमत.

रानवाटा

चर्चा चांगली चालली आहे. चांदणवेल यांनी व्यक्तिगत निरोपातून कार्यक्रम तपासून मागितला होता, त्यांच्या परवानगीने इथेच लिहितो म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

ऋषिकेश ते जोशीमठ एका दिवसात होतं, पण आईंसोबत पिपलकोटीला थांबलात तर दिवस सुसह्य होईल. दुसऱ्या दिवशी जोशीमठला दुपारपर्यंत पोचा, नृसिंह मंदिर पाहा, बद्रीनाथाची हिवाळ्यातली पूजा जोशीमठातच होते. रोख पैसे इथेच काढून घ्या, पुढे भरवसा नाही. तिसऱ्या दिवशी लवकर गोविंदघाट, पुलना आणि घांघरिया. चौथ्या दिवशी फुलांची दरी. आईंनी निदान पुलापर्यंत यावं, जमलं तर कंडीने वरपर्यंत. पाचव्या दिवशी हेमकुंड. वर पोचल्यावर गुरुद्वाराच्या लंगरमध्ये खिचडी आणि गरम चहा मिळतो, तो घेऊन थोडं बसा, पण थंडीत ओले कपडे अंगावर ठेवू नका. कोरडे मोजे आणि एक कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत असूच द्या. सहाव्या दिवशी खाली गोविंदघाट. सातवा दिवस बद्रीनाथ आणि त्याजवळचं माणा गाव, किंवा आराम.

हेमकुंडासाठी उत्तराखंड पर्यटनाच्या संकेतस्थळावर यात्रा नोंदणी करावी लागते. ती फुलांच्या दरीच्या परवान्यापेक्षा वेगळी आहे. निघण्याआधी दोन्हींचे त्या वर्षीचे नियम वाचून घ्या.

चांदणवेल

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, कंडी नको, खेचर चालेल. परतीचं रेल्वे आरक्षण मात्र आठव्या दिवसाचं करून बसलो आहोत, ते ठीक आहे का?

भूगोलप्रेमी

नाही, ते पुढे ढकला. पावसाळ्यात या रस्त्यावर निदान दोन दिवस मोकळे हवेत. रस्ता अडला नाही तर ते दोन दिवस ऋषिकेशला घालवता येतील. आणि सहाव्या दिवशी खाली उतरल्यावर पुढे पाऊस दिसत असेल तर बद्रीनाथ सोडून द्या, थेट पिपलकोटी गाठा. पागलनाला त्या बाजूला ओलांडून झाला की अर्धी काळजी मिटते.